ब्रेहनी आपले कोण लागतात?

रजिस्टर आलं ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. फादर एमेकांनी ते तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं आणि बाहेर भुरभुर चालू होती म्हणून वरून आपला कोट पांघरला होता. स्वतः मात्र ओलेचिंब झाले होते.

"चर्चचं पुस्तक नजरेआड होऊ द्यायचं नाही असा नियम आहे," दारात बूट पुसत ते अट्रॅक्टाला म्हणाले. "तुम्ही पुस्तकाला जेवायला बोलावलंत, मग मलाही यावं लागलं."

"कोकराचं मटण आहे, फादर."

"नियम फार विचार करून केलेले असतात," फादर म्हणाले आणि आत आले.

गेल्या रविवारी याच टेबलावर इग्नेशियसने बटाट्यांवर रस्सा ओतता ओतता सांगितलं होतं, "मी डिंपना ब्रेहनीशी लग्न करायचं ठरवलंय." आणि त्याच दमात, "मीठ सरकव जरा." इग्नेशियस टॅन्सी, सगळ्यांचा इगी, बहात्तर वर्षांचा, बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. डिंपना एकोणसत्तरची. किलटारा या आयरिश गावाच्या पोस्टाच्या खिडकीमागे तिने तीस वर्षं काढली होती आणि लग्न केलं नव्हतं. शेवटची दोन वर्षं इगी दर मंगळवारी तिच्याकडून एक तिकीट विकत घ्यायचा, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्याने कुणाला पत्र टाकल्याचं मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. पोस्ट बंद झाल्यावर तो तिच्याकडून अंडी आणू लागला. घरी अकरा कोंबड्या होत्या.

अट्रॅक्टाने त्या दिवशी मीठ सरकवलं. इगीपेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण ती. भावजय वारली तेव्हा इंग्लंडहून परत येऊन तिने हे घर हातात घेतलं होतं. मीठ सरकवून झाल्यावर ती म्हणाली, "ते जमायचं नाही. ब्रेहनी आपले लागतात."

"कोण लागतात?" इगीने विचारलं.

"ते मला माहीत नाही. पण लागतात. आई सांगायची. रक्ताचं नातं आहे, चर्चमध्ये लग्न लागत नाही."

"आई सांगायची म्हणजे विषयच मिटला," असं म्हणून मॅलकीने आणखी एक बटाटा घेतला. मॅलकी म्हणजे सर्वांत धाकटा भाऊ. सदुसष्टाव्या वर्षीही सडाफटिंग. गावात एकटा राहायचा आणि अकरा वर्षं दर रविवारी अट्रॅक्टाच्या हातचं जेवायचा. आपलं मत कुठून येतंय हे त्याने लपवलं नाही. "इगी, तू तिच्या घरी जाशील, नाहीतर ती इथे येईल. माझ्या रविवारचं काय, याचा कुणी विचार केलाय?"

भांडण पेटायच्या आत शिवॉनने हात वर केला. ही इगीची मुलगी, स्लायगोच्या शाळेत इतिहास शिकवणारी. वर्गात करायची तसाच हात तिने केला आणि सगळे गप्प झाले. "आत्या, आजीचं म्हणणं राहू दे. कागद बघू या. चर्चच्या नोंदी आहेत, सरकारी नोंदी आहेत. मला एक आठवडा द्या."

"दिला," अट्रॅक्टा म्हणाली. "आणि कागदांनी सांगितलं की लागतात, तर?"

"तर लग्न नाही," इगी म्हणाला. तो चिडला की कशालाही हो म्हणायचा.

तो आठवडा अट्रॅक्टाने नीट झोपेविना काढला. घर जाईल, खोली जाईल ही भीती होतीच, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती या घरात कुणाशी बोलायची सोय नव्हती. 'ब्रेहनी आपले लागतात' हे वाक्य आईने एकदाच उच्चारलं होतं. एकोणीसशे सदुसष्टच्या जुलैत, याच स्वयंपाकघरात, याच चुलीकडे पाठ करून. आणि ते अट्रॅक्टासाठी होतं. डिंपनाचा थोरला भाऊ कॉर्मक तेव्हा एकवीस वर्षांचा होता. नाचाच्या हॉलमधून सायकल हातात धरून तो तिच्याबरोबर साडेतीन मैल चालत यायचा. त्याने विचारलं, तिने हो म्हटलं, आईने ते वाक्य म्हटलं. महिना संपायच्या आत अट्रॅक्टा इंग्लंडच्या बोटीत बसली होती. कॉव्हेंट्रीत तिला लेन पिकरिंग भेटला, बसचा कंडक्टर, अंघोळ करताना गाणारा, मनाने फार चांगला. अडतीस वर्षं संसार झाला. लेनबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती. पण जे वाक्य तिच्यासाठी खरं होतं ते इगीसाठी खोटं ठरलं तर तिने काय करायचं? कागदात नातं निघू दे, अशी तिने गुरुवारी चक्क प्रार्थना केली. मग लाज वाटून कोंबड्यांना दाणे घालायला गेली.

फादरांच्या पाठोपाठ ब्रेहनी मंडळी आली. डिंपनाच्या हातात सफरचंदाचा टार्ट होता आणि चेहरा परीक्षेला आल्यासारखा. मागे कॉर्मक, एकोणऐंशी वर्षांचा, गोल झालेला, दोन्ही कानांत यंत्रं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती घरीच होती.

"तू आलास ते बरं केलंस," अट्रॅक्टा म्हणाली.

"हो, ओलंच आहे," कॉर्मक म्हणाला.

"यंत्र चालू कर," डिंपनाने त्याच्या कानाकडे बोट दाखवलं.

जेवण होईपर्यंत रजिस्टर उघडायचं नाही असं ठरलं, कारण रस्सा आणि रजिस्टर एका टेबलावर नकोत असं फादरांचं मत पडलं. त्यामुळे जेवण भयंकर वेगाने झालं. फक्त मॅलकीने आपला वेग बदलला नाही. मटण झालं, कोबी झाला, मग डिंपनाचा टार्ट कापला गेला. पहिला घास घेतल्यावर मॅलकीने चमचा खाली ठेवला.

"हा तू केलास?"

"हो."

"दर रविवारी करतेस?"

"कुणी खाणारं असेल तर."

मॅलकीने दुसरा घास घेतला. "इगी," तो गंभीरपणे म्हणाला, "आई पुष्कळ काही सांगायची. गाजर खाल्लं की केस कुरळे होतात असंही सांगायची."

"फितूर!" अट्रॅक्टा म्हणाली.

"मी कागद काय म्हणतात ते बघतोय," मॅलकी म्हणाला. "आणखी एक तुकडा दे."

टेबल पुसलं गेलं, दोनदा. फादरांनी अभ्र्यातून रजिस्टर काढलं. तपकिरी कातडी बांधणी, कोपरे झिजलेले, वास ओल्या कपाटाचा. शिवॉनने शेजारी लॅपटॉप उघडला आणि चष्मा डोक्यावरून नाकावर आणला.

"आपल्या आजीपासून सुरू करते," ती म्हणाली. "म्हणजे डॅडींच्या आजीपासून. ऑनर. बार्थली टॅन्सीची बायको. तिची जन्माची सरकारी नोंद सापडली. जन्म, वीस मार्च अठराशे अठ्ठ्याहत्तर."

"बरोबर," इगी म्हणाला, जणू तो तिथे होता.

"आणि चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला दोन फेब्रुवारी अठराशे अठ्ठ्याहत्तरला."

सगळे हिशेब करू लागले. पहिला मॅलकी पोचला. "म्हणजे जन्मायच्या आधी दीड महिना?"

"आमच्या घराण्यात सगळेच लवकर उठतात," इगी म्हणाला.

"फादर, हे चालतं?" डिंपनाने विचारलं.

"मोठा चमत्कार आहे," फादर म्हणाले. "पण अशा चमत्कारांनी माझी अर्धी रजिस्टरं भरलीत. बाप्तिस्मा लगेच व्हायचा, बाळ दगावलं तर काय ही भीती. सरकारी कचेरी मात्र बारा मैलांवर. बाप तिकडे जायचा जनावरांच्या बाजारच्या दिवशी, कामात काम म्हणून. उशीर झाला की दंड. मग कारकुनाने विचारलं, बाळ कधी झालं, तर बाप म्हणायचा, आत्ताच झालं, साहेब."

"आजी मेली तेव्हा कागदावर शहाण्णवला दीड महिना कमी होता, पण ती स्वतःला शहाण्णवची म्हणवून घ्यायची," अट्रॅक्टा म्हणाली. "म्हणजे तो दीड महिना खरा होता तर."

तिला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. ती इथे हसायला बसली नव्हती. "पुढे चल, शिवॉन. ब्रेहनी कुठे आहेत?"

"येतायत. ऑनरच्या बाप्तिस्म्यात आईचं नाव आहे उना. सरकारी नोंदीत आईचं नाव विनी. आणि ती वारली तेव्हाच्या कागदात युनिटी."

"आपल्या पणजोबाने तीन बायका केल्या?" मॅलकीने आदराने विचारलं.

"एकच. आयरिश बोलणारी बाई, नाव उना. इंग्रजी लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाने आपल्या मनाला येईल तसं लिहिलं. दोन रात्री मी तीन वेगवेगळ्या बायका शोधत होते." शिवॉनने पडदा सगळ्यांकडे फिरवला. पिवळट पानावर तपकिरी शाईची वेडीवाकडी ओळ होती. "पण माहेरचं आडनाव तिन्ही ठिकाणी एकच. हे बघा."

कुणालाच वाचता येईना. डिंपनाने तीस वर्षं लोकांची अक्षरं लावण्यात काढली होती. ती पुढे वाकली, बोटाने ओळ धरली आणि हळूच म्हणाली, "ब्रेहनी."

अट्रॅक्टाने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"उना ब्रेहनी," शिवॉन पुढे म्हणाली. "जन्म अठराशे पन्नास. वडील डॉमिनिक. तीन वर्षांनी त्याच आईबापांना मुलगा, मार्टिन. डिंपना, तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

"मार्टिन," डिंपना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "वडील ल्यूक, आजोबा जेम्स, पणजोबा मार्टिन."

"म्हणजे तुमचे पणजोबा आणि डॅडींची पणजी सख्खी भावंडं. डॉमिनिक ब्रेहनी तुम्हा सगळ्यांचा खापरपणजोबा."

"बघा!" अट्रॅक्टा उभीच राहिली. "मी सांगत होते की नाही? आई खोटं बोलत नव्हती. लागतात!"

विजय तिने या चार भिंतींत इतका मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. इगीने कपातल्या चहाकडे पाहिलं. डिंपनाने टार्टची रिकामी थाळी जवळ ओढली, निघायच्या तयारीने. आणि त्या दोघांकडे बघताना अट्रॅक्टाला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

"इगीने शब्द दिलाय," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"दिलाय," इगी म्हणाला. "डिंपना, मी... मी अंडी न्यायला येत जाईन."

"तुझ्याकडे अकरा कोंबड्या आहेत, इग्नेशियस," डिंपना म्हणाली. "मला कधीपासून माहीत आहे."

फादर एमेकांनी खाकरून घसा साफ केला. "मी आता माझ्या मटणाला जागू का? खापरपणजोबा एक म्हणजे चौथी पिढी. चौथ्या पिढीला चर्चची काहीच आडकाठी नाही. सख्ख्या चुलत-मावस भावंडांपर्यंत परवानगी लागते, पुढे नाही. हे दोघं उद्या लग्न करू शकतात. म्हणजे, सरकारला तीन महिने आधी कळवावं लागतं, पण देवाची तयारी आहे."

"पण आईने..."

"तुमच्या आईने अगदीच चुकीचं सांगितलं नव्हतं. जुन्या काळी होती आडकाठी. थांबा, एक दाखवतो." त्यांनी रजिस्टरची पानं उलटली. "शिवॉनने फोनवर तारीख सांगितली होती. ही बघा, अठराशे नव्याण्णव. बार्थली टॅन्सी आणि ऑनर. तुमचे आजी-आजोबा. आणि समासात लॅटिनमध्ये काय लिहिलंय, तर तिसऱ्या पिढीचं रक्ताचं नातं, बिशपांच्या खास परवानगीने."

"कुणाचं नातं?" इगीने विचारलं.

"नवराबायकोचं. दोघांचा पणजोबा एकच होता."

मॅलकी हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना. "म्हणजे आपण सगळे बिशपांच्या परवानगीने आहोत! अट्रॅक्टा, तुझं ते नाक बघ, माझं बघ. दोन्ही बाजूंनी आलंय ते!"

डिंपनाने तोंडावर रुमाल धरला. शिवॉन तर चष्मा काढून डोळे पुसत होती. कॉर्मकला काय चाललंय ते अर्धंच ऐकू आलं होतं, पण तोही हसत होता. फक्त अट्रॅक्टा उभी होती तशीच उभी होती. तिला आता समजत होतं. ऑनर आजीला लग्नासाठी बिशपांच्या दारात जावं लागलं होतं, आणि रक्ताची ती धास्ती आजीने जन्मभर बाळगली. आजीने ती सुनेला दिली. सुनेने, म्हणजे आईने, लेकीला.

"फादर," तिने विचारलं, "जुन्या काळी म्हणजे कधीपर्यंत?"

"चौथ्या पिढीची अट? ती एकोणीसशे अठरामध्येच गेली."

"सदुसष्ट साली नव्हती?"

"सदुसष्ट साली? छे. पन्नास वर्षं झाली होती तिला जाऊन."

सगळ्यांत आधी डिंपनाचं हसू थांबलं. सदुसष्ट साली ती अकरा वर्षांची होती, पण तिला आठवत होतं. तिने भावाकडे पाहिलं. इगीनेही पाहिलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी जुळवत असल्यासारखं.

"कोंबड्या बंद करायच्यात," अट्रॅक्टा म्हणाली आणि बाहेर गेली. दुपारचे तीन वाजले होते.

पाऊस थांबला होता. खुराड्यापाशी चिखल होता आणि कोंबड्या मजेत फिरत होत्या. त्यांना बंद करायचं तिला सुचलंही नाही. मागे पावलं वाजली, जड, सावकाश. कॉर्मक तिच्या शेजारी येऊन कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला. दोघांनी कोंबड्या पाहिल्या.

"यंत्र चालू आहे?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"तू ऐकलंस? काही आडकाठी नव्हती."

"मला माहीत होतं," कॉर्मक म्हणाला.

ती वळली. "काय?"

"तू सांगितलंस त्याच आठवड्यात मी जुन्या फादरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मूर्खा, कसली आडकाठी, जा आणि सांग तिला."

"मग?"

"आलो होतो ना सांगायला. दारात तुझी आई उभी होती, हातात झाडू. मी म्हटलं, नंतर येईन."

"मग नंतर का नाही आलास?"

कॉर्मकने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. सत्तावन्न वर्षं त्याने या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं असावं, आणि ते अजूनही त्याला पुरेसं वाटत नसावं.

"गवत कापून पडलं होतं," तो म्हणाला. "नऊ दिवस ऊन पडलं त्या वर्षी, सलग. असं ऊन कधी पडतं? वडील म्हणाले, आधी गवत आत घ्यायचं. आम्ही घेतलं. दहाव्या दिवशी मी अंघोळ करून, भावाचा कोट घालून आलो. मॅलकी पायरीवर बसला होता. म्हणाला, ती काल गेली."

इतकी वर्षं अट्रॅक्टाने आईला दोष दिला होता, चर्चला दिला होता, कधीकधी पूर्वीच्या सगळ्या ब्रेहनींना दिला होता. नऊ दिवसांचं ऊन तिच्या यादीत कधीच नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं. पण बाहेर पडलं ते भलतंच. ती हसायला लागली. कठडा धरून, वाकून, धाप लागेपर्यंत.

"गवत!" ती म्हणाली. "गवत, कॉर्मक ब्रेहनी!"

"चांगलं गवत होतं," कॉर्मक ओशाळून म्हणाला. "त्या हिवाळ्यात आमची एकही गाय वाळली नाही." मग थोड्या वेळाने, "पत्र लिहायचं होतं. पण डिंपना तेव्हा पोस्टात नव्हती ना, पत्ता कोण काढून देणार."

"तू सुखी आहेस ना?" तिने डोळे पुसत विचारलं.

"बर्नी आहे, चार मुलगे आहेत. आहे. आणि तो तुझा बसवाला?"

"अंघोळ करताना गायचा."

"मला गाता येत नाही," कॉर्मक म्हणाला. "मग झालं ते बरंच झालं म्हणायचं."

"म्हणायचं," ती म्हणाली. त्याच्या बाहीवर तिने क्षणभर हात ठेवला. मग स्वतःच्या बुटांचा चिखल पाहिला आणि आत निघाली.

स्वयंपाकघरात चौघंही एका ओळीत बसली होती, चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखी. फादर रजिस्टर पुन्हा अभ्र्यात गुंडाळत होते. डिंपना उभी राहिली. तिने बहुधा काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण ती एका दमात बोलली.

"अट्रॅक्टा, मी माझं घर सोडणार नाही. माझ्या बागेची माती करायला मला वीस वर्षं लागलीत. इग्नेशियस माझ्याकडे येईल. हे घर तू सांभाळायचंस, आणि रविवारी आम्ही इथे जेवायला यायचं. तुझी हरकत नसेल तर टार्ट मी आणेन."

"दोन आण," मॅलकी म्हणाला.

इगी बहिणीकडे बघत होता. "मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "कागदात लागतात असं निघालं तर लग्न नाही म्हणून. तू सोडलंस तरच मी सुटलो. आणि साक्षीदार म्हणून सही तुझी हवी. तुझ्याशिवाय मी नाही करणार."

अट्रॅक्टाने बूट काढले, दाराशी नीट जोडून ठेवले आणि किटलीत पाणी भरलं.

"फादर," किटली चुलीवर ठेवत ती म्हणाली, "आज कळवलं तर तीन महिने कधी भरतात?"

"मेच्या मध्यावर."

"मग मेमध्येच उरका," ती इगीला म्हणाली. "जून उजाडू देऊ नकोस. जूनमध्ये ऊन पडलं तर तुम्हा पुरुषांचा काही भरवसा नाही."

दारातून आत येणाऱ्या कॉर्मकला या वेळी सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.